आजीवन शिक्षण : देशोदेशींचे अनुभव

युनेस्कोने नेमलेल्या एका आंतरराष्ट्रीय आयोगाने मे १९७२ मध्ये आपला अहवाल सादर केला. फ्रान्सचे माजी पंतप्रधान व माजी शिक्षणमंत्री एडगर फॉर हे या सात सदस्यांच्या आयोगाचे अध्यक्ष होते. 'लर्निंग टू बी' या नावाने प्रसिद्ध झालेल्या या अहवालाचे मुख्य प्रतिपादन असे की, शिक्षण हे बालपणी व तरुणपणी एकदाच उरकून टाकावयाचे काम नसून ते माणसाच्या सबंध आयुष्यभर चालावयास हवे. आणि म्हणून शाळा, कारखाना, ग्रंथालय, शेत, कामगार संघटना व नभोवाणी या सर्वांचा एकाच शिक्षणव्यवस्थेचे घटक म्हणून विचार झाला पाहिजे. त्यानंतर लगेच आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७४ मध्ये पगारी शैक्षणिक रजेसंबंधीचा १४० क्रमांकाचा करार संमत केला आणि १९७६ मध्ये नैरोबी येथील युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने प्रौढशिक्षणाच्या विकासासंबंधी सविस्तर शिफारस स्वीकारली. अवघ्या चार-पाच वर्षांत आजीवन शिक्षण ही कल्पना जगन्मान्य झाली.

मात्र मान्यता मिळणे आणि अंमल होणे यांत बरेच अंतर असते. युनेस्कोच्या हॅम्बर्ग येथील आजीवन अध्ययन संस्थेने २०१९ मध्ये जो जागतिक अहवाल प्रसिद्ध केला, त्यावरून असे दिसते की, जवळजवळ एक-तृतीयांश देशांत पंधरा वर्षांवरील लोकांपैकी पाच टक्के लोकही कोणत्याही शिक्षणक्रमात सहभागी होत नव्हते. याहूनही विचार करावयास लावणारी गोष्ट म्हणजे, जेथे सहभाग चांगला आहे तेथेही त्याचा मोठा वाटा आधीच शिकलेल्यांच्या पदरी पडतो. पदवीधर माणूस चाळिसाव्या वर्षी नवा अभ्यासक्रम शोधून काढतो. चौथीत शाळा सोडलेल्या माणसाला त्याची जाहिरातही वाचावीशी वाटत नाही. शिक्षणाची दारे उघडी ठेवली म्हणजे सर्वजण आत येतात, हा समज अनेक देशांत खोटा ठरला आहे. ज्या थोड्या देशांनी हे ओळखून उपाय योजले, त्यांचे अनुभव म्हणूनच अधिक मोलाचे आहेत.

लोकविद्यालये आणि अभ्यासमंडळे

शाळेबाहेरच्या शिक्षणाची परंपरा उत्तर युरोपात फार जुनी आहे. डेन्मार्कमधील धर्मोपदेशक व कवी निकोलाय ग्रुंटविग यांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी लोकविद्यालयांची कल्पना मांडली आणि त्यांपैकी पहिले विद्यालय १८४४ मध्ये रोडिंग येथे सुरू झाले. राज्यकारभारात सामान्य शेतकऱ्याला बोलावयाचे असेल तर त्याला आपली भाषा, इतिहास व कायदा कळला पाहिजे, हे त्यामागील कारण होते. हिवाळ्यात शेतीची कामे थांबली की तरुण काही महिने विद्यालयात येऊन राहात. परीक्षा नसे, प्रमाणपत्र नसे. विद्यार्थी आणि शिक्षक एकत्र राहात, एकत्र जेवत व चर्चा करीत. परीक्षेविना शिक्षण म्हणजे शिस्तीविना शाळा, असे त्या काळीही अनेकांना वाटले असेल; पण ही विद्यालये पावणेदोनशे वर्षांनंतरही चालू आहेत.

शेजारच्या स्वीडनने याहून स्वस्त मार्ग काढला. ऑस्कर ओल्सन नावाचे एक शिक्षक मद्यपानविरोधी चळवळीत काम करीत असत. चळवळीतील सभासद बहुतेक कामगार व मजूर. विद्यालयात राहण्यास त्यांना वेळ नव्हता आणि पैसाही नव्हता. ओल्सन यांनी १९०२ मध्ये लुंड शहरात पहिले अभ्यासमंडळ सुरू केले. त्याची रीत अगदी साधी होती. परिसरातील काही माणसांनी ठरलेल्या दिवशी संध्याकाळी एकत्र जमावयाचे, एक पुस्तक सर्वांनी वाचावयाचे आणि त्यावर बोलावयाचे. मंडळाचा प्रमुख त्यांच्यातलाच एक असे. तो विषयाचा पंडित असलाच पाहिजे अशी अट नव्हती. पुस्तके वर्गणीतून किंवा अनुदानातून घेतली जात. एका मंडळाचे वाचून झाले की तीच पुस्तके छोट्या ग्रंथालयाच्या रूपाने इतरांच्या उपयोगी पडत. अशा ग्रंथालयांना १९१२ पासून सरकारी अनुदान मिळू लागले. त्याच वर्षी कामगार चळवळीने आपला स्वतंत्र शिक्षणसंघ स्थापन केला. स्वतः अभ्यासमंडळांना सरकारी अनुदान मिळू लागले ते १९४७ पासून. म्हणजे चळवळ आधी उभी राहिली आणि अनुदान मागाहून आले. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण अनेक ठिकाणी अनुदान आधी येते आणि चळवळीची वाट पाहिली जाते.

इतकी भक्कम परंपरा असूनही स्वीडनला एका अप्रिय वस्तुस्थितीला तोंड द्यावे लागले. १९६८ पासून तेथील नगरपालिकांनी प्रौढांसाठी माध्यमिक शिक्षणाचे वर्ग चालविण्यास प्रारंभ केला. वर्ग विनामूल्य होते आणि कोणालाही येण्यास मज्जाव नव्हता. थोड्याच काळात आढळून आले की, या वर्गांचा लाभ मुख्यत्वे तरुण आणि आधीच बरे शिकलेले लोक घेत आहेत. ज्यांनी फक्त सहा-सात वर्षे शाळा पाहिली होती, ते वयस्क कामगार घरीच राहिले. कामगार संघटनांनी या गोष्टीवर कठोर टीका केली. कर सर्वांनी भरावा आणि त्यातून शिकावे मात्र शिकलेल्यांनीच, हा न्याय त्यांना पटण्याजोगा नव्हता.

तेव्हा सरकारने १९७० मध्ये एक समिती नेमून प्रत्यक्ष प्रयोग करविले. स्वीडिश, इंग्रजी, गणित व नागरिकशास्त्र या विषयांची अभ्यासमंडळे काढण्यात आली आणि त्यांत कमी शिकलेली माणसे कशी येतील याचा शोध घेण्यात आला. पत्रके वाटून व जाहिराती देऊन फारसे कोणी येत नाही, हे लवकरच स्पष्ट झाले. माणूस समोरासमोर भेटला, तोही शक्यतो कामाच्या ठिकाणी आणि आपल्यापैकीच एक असा भेटला, म्हणजे मात्र लोक येत. याकरिता कामगार संघटनांतील कार्यकर्त्यांना शिक्षण-संघटक म्हणून तयार करण्यात आले. न येण्याची जी कारणे त्यांनी ऐकली, ती कोणत्याही देशातील शिक्षकाला ओळखीची वाटावीत. कोणी वेळ नाही म्हणे, कोणी मजुरी बुडते म्हणे, आणि ज्यांना शाळेत अपमान सोसावा लागला होता ते काहीच कारण न सांगता विषय बदलीत.

या अनुभवातून पुढील कायदे घडले. १ जानेवारी १९७५ पासून अंमलात आलेल्या कायद्याने नोकरीत ठराविक काळ काढलेल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला शिक्षणासाठी रजा मागण्याचा हक्क दिला. मालकाला ती काही काळ पुढे ढकलता येते, नाकारता येत नाही. रजा आहे पण पगार नाही, ही त्यातील उणीव होती. ती भरून काढण्यासाठी १९७६ पासून प्रौढांना विशेष साहाय्य देण्यात येऊ लागले. त्यात अभ्यासासाठी गेलेल्या तासांची बुडालेली मजुरी भरून देण्याचीही सोय होती. पैसा उभा राहिला तो मालकांनी वेतनखर्चाच्या प्रमाणात द्यावयाच्या एका लहानशा आकारणीतून.

स्वीडनमध्ये सर्व काही आलबेल आहे असे मात्र समजू नये. अलीकडच्या काळात काही शिक्षणसंघांनी न भरलेल्या अभ्यासमंडळांच्या नोंदी दाखवून अनुदान उचलल्याचे उघडकीस आले आणि २०२४ पासून सरकारने या अनुदानात टप्प्याटप्प्याने कपात केली. हजेरीपटावर चालणाऱ्या योजनांना हा रोग सर्वत्र जडतो.

पैसा कोणाच्या हाती द्यावा ?

फ्रान्सने निराळ्या बाजूने प्रारंभ केला. १६ जुलै १९७१ च्या कायद्यान्वये दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना आपल्या एकूण वेतनखर्चाचा ठराविक हिस्सा कामगारांच्या शिक्षणावर खर्च करणे सक्तीचे झाले. पहिल्या वर्षी हे प्रमाण ०.८ टक्के होते. हा कायदा घडवून आणण्यात त्या वेळचे पंतप्रधानांचे सल्लागार झाक देलोर यांचा मोठा वाटा होता. पैसा उभा राहिला. परंतु खर्च कोणावर करावयाचा हे बव्हंशी मालकाने ठरवावयाचे असल्यामुळे मोठ्या कारखान्यांतील अधिकारी व तंत्रज्ञ यांच्याकडे तो अधिक वळला. लहान कारखान्यातील अकुशल मजूर पूर्वीप्रमाणेच मागे राहिला.

याच देलोर यांच्या अध्यक्षतेखाली युनेस्कोने पुढे दुसरा आयोग नेमला व त्याचा अहवाल १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉ. करणसिंग हे या आयोगाचे भारतीय सदस्य होते. जाणण्यास शिकणे, करण्यास शिकणे, एकत्र राहण्यास शिकणे आणि माणूस म्हणून घडण्यास शिकणे, हे शिक्षणाचे चार आधारस्तंभ या अहवालाने सांगितले आणि ते आपल्या शिक्षक-प्रशिक्षण वर्गांतून आता पाठ झाले आहेत.

दोन अहवालांच्या दरम्यानच्या काळात एक शब्द मात्र फारसा गाजावाजा न होता बदलला. १९७० च्या दशकात सर्वत्र 'आजीवन शिक्षण' असे म्हटले जाई. १९९० नंतर त्याची जागा 'आजीवन अध्ययन' या शब्दाने घेतली. वरवर पाहता हा भेद किरकोळ वाटतो. परंतु शिक्षण म्हटले की ते देणारा कोणी तरी असतो आणि ते न मिळाल्यास त्याला जाब विचारता येतो. अध्ययन हे ज्याचे त्याने करावयाचे असते. ते झाले नाही तर दोष त्याचाच ठरतो. दक्षिण कोरियासारख्या देशाने आजीवन शिक्षणास उत्तेजन देण्याचे राज्याचे कर्तव्य आपल्या राज्यघटनेतच नमूद केले आहे. इतर अनेक देशांत मात्र शब्दाबरोबर जबाबदारीही हलली आणि संस्थांना पैसा देण्याऐवजी व्यक्तीच्या नावे शिक्षणखाते उघडण्याची पद्धत पुढे आली.

इंग्लंडने सप्टेंबर २००० मध्ये अशी खाती सुरू केली. पहिल्या दहा लाख खातेदारांना प्रत्येकी १५० पौंडांचे साहाय्य मिळावयाचे होते. बघता बघता २५ लाखांहून अधिक खाती उघडली गेली. परंतु शिकविणाऱ्या संस्थांची पुरेशी छाननी करण्यात आली नव्हती. खातेदारांचे क्रमांक मिळवून, कोणालाही काहीही न शिकविता रकमा उचलण्याचे प्रकार इतके वाढले की, नोव्हेंबर २००१ मध्ये ही योजना घाईघाईने बंद करावी लागली. फ्रान्सने २०१९ पासून प्रत्येक नोकरदाराच्या खात्यावर दरवर्षी ५०० युरो, आणि कमी शिकलेल्याच्या खात्यावर ८०० युरो जमा करण्यास प्रारंभ केला. कमी शिकलेल्याला अधिक देण्याचे तत्त्व स्तुत्य होते. पण येथेही खातेदारांना दूरध्वनी करून फसविणाऱ्यांचे पीक आले, डिसेंबर २०२२ मध्ये अशा विनंत्यांवर कायद्याने बंदी घालावी लागली आणि मे २०२४ पासून बहुतेक खातेदारांना अभ्यासक्रमामागे १०० युरो स्वतः भरण्याची अट आली.

सिंगापूरची योजना यापेक्षा सावधपणे चालली आहे. तेथे २०१६ मध्ये २५ वर्षांवरील प्रत्येक नागरिकास ५०० डॉलरचे शिक्षणसाहाय्य देण्यात आले. २०२४ मध्ये चाळिशी ओलांडलेल्यांना आणखी ४,००० डॉलर देण्यात आले, परंतु ते निवडक व उपयुक्तता तपासलेल्या अभ्यासक्रमांपुरतेच. लहान राज्य आणि कडक देखरेख यांमुळे हे शक्य झाले. विस्तीर्ण देशाला त्याचे अनुकरण सोपे नाही.

जपानमधील 'कोमिनकान'

दुसऱ्या महायुद्धात जपानची शहरे बेचिराख झाली होती. अशा स्थितीत जुलै १९४६ मध्ये शिक्षण मंत्रालयाने स्थानिक संस्थांना एक परिपत्रक धाडले : प्रत्येक गावात सर्वसामान्य नागरिकांचे एक सभागृह असावे. याला 'कोमिनकान' म्हणतात. नव्या इमारती बांधण्यास पैसा नव्हता म्हणून आरंभी शाळेच्या खोल्या किंवा जी असेल ती सार्वजनिक जागा वापरण्यात आली. तेथे वाचनालय असे, शिवणकाम शिकविले जाई, नव्या राज्यघटनेवर चर्चा होई, स्वयंपाकघरातील धूर कसा कमी करावा याची प्रात्यक्षिके होत. १९४९ च्या सामाजिक शिक्षण कायद्याने या सभागृहांना कायद्याचा आधार दिला. युद्धापूर्वी प्रौढशिक्षणाचा वापर सरकारी प्रचारासाठी झाला होता, त्याची आठवण ताजी होती. त्यामुळे लोकांच्या शैक्षणिक संघटनांवर सरकारने वा स्थानिक संस्थांनी नियंत्रण ठेवू नये, आणि सभागृहाने नफा मिळवू नये व कोणत्याही एका पक्षाची किंवा धर्माची बाजू घेऊ नये, असे कायद्यातच लिहून ठेवण्यात आले.

ही तरतूद केवळ कागदावरची नव्हती, याचा प्रत्यय फार उशिरा आला. साइतामा शहरातील एका कोमिनकानमध्ये हायकू रचणाऱ्यांचे एक मंडळ जमत असे. मंडळाने निवडलेली एक रचना दर महिन्याला सभागृहाच्या पत्रिकेत छापली जाई. २०१४ मध्ये निवडलेल्या रचनेत राज्यघटनेच्या शांतताविषयक कलमाच्या रक्षणासाठी निघालेल्या महिलांच्या मोर्चाचा उल्लेख होता. लोकमत विभागलेल्या विषयावर आपण बाजू घेतल्यासारखे होईल, या भीतीने अधिकाऱ्यांनी ती छापण्याचे नाकारले. रचना करणाऱ्या वृद्ध महिलेने न्यायालयात दाद मागितली. खालच्या न्यायालयांनी तिच्या बाजूने दिलेला निर्णय डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम झाला. भरपाई नाममात्र होती. तटस्थ राहणे म्हणजे नागरिकांना गप्प करणे नव्हे, एवढे मात्र त्यातून स्पष्ट झाले. गावातील सार्वजनिक जागेची किल्ली ज्यांच्या हाती असते, त्यांनी हा खटला अवश्य अभ्यासावा.

कोमिनकानची संख्या आता घटत आहे. १९९९ मध्ये ती १८ हजारांच्या जवळ होती. २०२१ मध्ये १४ हजारांच्या आत आली. नगरपालिकांचे विलीनीकरण आणि आर्थिक ओढाताण ही त्याची मुख्य कारणे होत. येणाऱ्यांत निवृत्त माणसे व गृहिणी अधिक, आणि नोकरदार तरुण कमी, ही तक्रारही जुनीच आहे.

टांझानियाचा धडा

श्रीमंत देशांचे हे अनुभव झाले. गरीब देशाला काय करता येते हे पाहावयाचे असेल तर टांझानियाकडे वळले पाहिजे. १९६७ च्या जनगणनेनुसार तेथे दर शंभर प्रौढांपैकी ६७ निरक्षर होते. मुले शिकून मोठी होईपर्यंत देशाला थांबता येणार नाही, शिकावयाचे ते आजच्या प्रौढांनी, अशी अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांची भूमिका होती. १९७० हे वर्ष त्यांनी प्रौढशिक्षण वर्ष म्हणून जाहीर केले.

१९७३ मध्ये 'म्तू नी आफ्या' म्हणजे 'माणूस म्हणजे आरोग्य' ही मोहीम झाली. सुमारे ७५ हजार गटप्रमुखांना प्रशिक्षण देण्यात आले. गावातील लोक आठवड्यातून ठरल्या वेळी रेडिओभोवती जमत, कार्यक्रम ऐकत, त्याच विषयावरचे पुस्तिकेतील पान कोणी तरी वाचून दाखवी आणि मग आपल्या गावात याचे काय करावयाचे हे ठरे. हिवताप हा विषय असेल तर डबकी बुजविली जात. आतड्यांचे रोग असेल तर संडास खणले जात. सुमारे वीस लाख लोकांनी भाग घेतला आणि लाखो संडास बांधले गेले. ऐकणे, बोलणे आणि करणे एकाच आठवड्यात घडत असल्यामुळे हे शिक्षण हवेत राहिले नाही.

साक्षरतेच्या आघाडीवरही प्रगती विलक्षण झाली. १९८६ च्या चाचणीनंतर निरक्षरांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत आल्याचे सांगण्यात आले. नवसाक्षरांसाठी ग्रामीण ग्रंथालये निघाली, म्वान्झा भागातून ग्रामीण वृत्तपत्र निघाले आणि त्याचे नावच मुळी 'शिक्षणाला अंत नाही' असे होते. पण अंत आला. १९७८-७९ चे युगांडाशी झालेले युद्ध, परकीय चलनाची टंचाई आणि त्यानंतरची खर्चकपात यांत कागद संपला, मासिक मानधन थकले, वर्ग ओस पडले. २००२ च्या जनगणनेत निरक्षरांचे प्रमाण पुन्हा सुमारे ३० टक्के आढळले. चाचणी व जनगणना यांची मोजमापे सारखी नव्हती, हे खरे. तरीही दिशेविषयी संशय राहात नाही. ज्याला वाचावयास काही मिळत नाही तो वाचावयाचे विसरतो.

महाराष्ट्राच्या संदर्भात

हा प्रश्न महाराष्ट्राला परका नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात कामकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा चालविली होती. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली व १९६१ पासून ती राज्यभर नेण्यात आली. प्राथमिक शिक्षक, सुशिक्षित तरुण आणि ग्रामस्थ यांनी गावच्या गाव साक्षर करावयाचे आणि काम पुरे झाले की ग्रामगौरव समारंभ करावयाचा, असे तिचे स्वरूप होते. वैयक्तिक लाभाऐवजी गावाची प्रतिष्ठा पणाला लावणारी ही रीत स्वीडनच्या शिक्षण-संघटकांच्या आधी दहा-बारा वर्षे दारोदार गेली होती. समारंभानंतर नवसाक्षराच्या हाती काय द्यावयाचे, ही अडचण तिलाही सुटली नाही.

त्यानंतर साधने पुष्कळ वाढली. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे राज्यात शासनमान्य व अनुदानपात्र ग्रंथालयांचे जाळे पसरले. १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेल्या केंद्र सरकारच्या 'उल्लास' कार्यक्रमात पायाभूत साक्षरतेबरोबर जीवनकौशल्ये, व्यवसायकौशल्ये, मूलभूत शिक्षण आणि निरंतर शिक्षण हे घटक समाविष्ट आहेत. यात शिक्षक घरोघरी जाऊन पंधरा वर्षांवरील असाक्षरांची नोंद करतात, स्वयंसेवक शिकवितात आणि शेवटी चाचणी होते.

घरोघरी जाऊन केलेली ही नोंद म्हणजे स्वीडनला ज्यासाठी समिती नेमावी लागली ती यादीच होय. चाचणीचा निकाल लागला की ती दप्तरी दाखल होते. वास्तविक पुढच्या कामासाठी लागणारे बरेचसे तिच्यातच आहे : नाव, घर, वय आणि कोणी शिकविले. ज्या गावात मान्यताप्राप्त वाचनालय आहे, तेथे या यादीतील नावे वाचनालयाच्या सभासद-नोंदवहीत उतरवून घेण्यास, आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांच्या सामुदायिक वाचनासाठी राखून ठेवण्यास आणि ग्रामपंचायतीने त्यासाठी दिवाबत्तीची सोय करण्यास फार मोठी तरतूद लागत नाही. शिक्षक आणि ग्रंथपाल एकाच गावात राहतात. पुष्कळदा एकाच आळीत.